बाळांचे फोटो घरी आणले तेव्हा

आईने पहिला कॅमेऱ्याचा फोन घेतला तेव्हा ती कुरखेडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती. त्या फोनवर ती कोणाला फारसे कॉल करत नसे. बाळंतपण पार पडलं, बाळ पुसून-गुंडाळून बाळंतिणीच्या कुशीत दिलं, की हात धुऊन यायची आणि विचारायची, "फोटो काढू काय?" हो म्हटलं तर एकच फोटो काढायची, बाळंतीण आणि बाळ दोघांचा. नको म्हटलं तर पुन्हा विचारायची नाही. काही घरांना दृष्ट लागायची भीती वाटे, काही बायकांना आपला घामेजलेला चेहरा नको असे. ज्यांना हवा असे त्यांच्या घरात ज्याच्याकडे फोन असेल त्याला ती तो पाठवायची आणि एका वहीत तारीख नि गावाचं नाव लिहून ठेवायची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. माझं काम क्लाऊडचं. सोप्या भाषेत सांगायचं तर लोकांचे हिशेब, फोटो, अर्ज, जे काही संगणकावर असतं ते दूरच्या मोठमोठ्या यंत्रांवर नीट ठेवलं जातंय ना, हे पाहायचं. एका दिवाळीत घरी आले आणि आईच्या फोनमधली जागा संपलेली पाहिली, तेव्हा मीच तिला खातं उघडून दिलं. आता प्रत्येक फोटो आपोआप वर जाईल, फोन हरवला तरी फोटो हरवणार नाही, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"वर म्हणजे कुठी?" तिने विचारलं.

"क्लाऊडमध्ये."

"ते समजलं. पण कोणाच्या घरी?"

मला हसू आलं होतं. कंपनीची यंत्रं असतात, कुठल्या तरी देशात असतात, असं काहीबाही मी सांगितलं. तिने मान हलवली. बाळंतिणीचा नवरा "सगळं ठीक आहे, काळजी करू नका" म्हणतो तेव्हा ती जशी मान हलवायची, तशीच.

पुढे ती निवृत्त झाली आणि बाबांकडे ब्रह्मपुरीला राहायला आली. बाबांचा तिथे लाकूडकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या मागची पत्र्याची शेड, एक करवत आणि बाबा. माझंही काम घरून करायचं झालं, तेव्हा मीही परत आले. बाबांच्या रंध्याचा आवाज माझ्या मीटिंगमध्ये जायचा आणि पुण्याचे लोक विचारायचे, तुमच्याकडे पाऊस पडतोय का.

एका दुपारी एक बाई आमच्या दारात उभी राहिली. कुरखेड्याहून वडसा आणि वडशाहून ब्रह्मपुरी असा एसटीचा प्रवास करून, घर विचारत विचारत आली होती. आईने तिला लगेच ओळखलं नाही. मग तिने गावाचं नाव आणि आपल्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं, तशी आईने तिचा हात धरून तिला आत आणलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाई, माही बहीण गेली. दोन साल झाले. ताप डोक्यात गेला म्हनत होते."

आई सरकून तिच्या जवळ बसली. तिचा हात तेवढा धरून राहिली.

"तिची पोरगी माह्याजवळच राह्यते. तुमच्याच हातची हाय ते. आता सात वर्साची झाली. घरात मायचे फोटो हायेत, लग्नातले, जत्रेतले. पण पोरगी म्हनते, यात मी कुठी हावो? मायसंग माहा फोटो काऊन नाई? तुम्ही तवा काढला होता. पोरीच्या बापाच्या फोनवर धाडला होता, पण तो फोन कधीचा गेला. म्हटलं, बाईजवळ असन."

"हाय," आई म्हणाली. "माह्याजवळ सगळे हायेत."

मला आठवतं, हे ती किती ठामपणे म्हणाली होती. फोटो वर गेलेत, तिच्या मुलीने ठेवलेत, आणि तिची मुलगी त्याच कामातली आहे.

अडचण अशी होती की तिचा जुना फोन पंधरा दिवसांपूर्वी आमच्या विहिरीत पडला होता. नवा आणला होता, पण त्यात खातं उघडायचं राहून गेलं होतं. मी तिच्या वहीतून पासवर्ड काढला आणि टाकला. तो बरोबर होता. तरी पुढची पाटी आली, की खात्रीसाठी तुमच्या नंबरवर आकडे पाठवले आहेत. नंबरचे शेवटचे दोन अंक दिसत होते. तो आईचा उपकेंद्राच्या काळातला नंबर होता. तिकडे त्याच एका कंपनीची रेंज यायची म्हणून घेतलेला. निवृत्तीनंतर तिने तो रिचार्ज करणं सोडलं आणि तो बंद पडला.

त्या बाईला मी म्हटलं, दोन दिवसांत पाठवते. ती चहा घेऊन चारच्या गाडीने परत गेली. आई तिला स्टँडपर्यंत सोडून आली.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. मी कंपनीचे सगळे अर्ज भरले. खातं कधी उघडलं, शेवटचं कुठून वापरलं, सगळं लिहिलं. उत्तर यायचं ते यंत्राचं, आणि दर वेळी तेच: हे खातं तुमचंच आहे याची खात्री आम्हाला पटलेली नाही. मला कंपनीचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण मी स्वतः अशीच कुलपं बसवते. कोणी तिऱ्हाईत बसून आईचा पासवर्ड ओळखून काढेल, त्याला अडवायलाच ते कुलूप होतं. त्याला काय माहीत, की दाराबाहेर स्वतः आईच उभी आहे.

आई रोज संध्याकाळी एकदा विचारायची, "झालं काय?" मी नाही म्हणायची. एकदा ती म्हणाली, "मी त्या बाईले हाय म्हणून सांगितलं ना." बस, एवढंच. मला ते आरोपापेक्षा जड गेलं.

शेवटी मी आईसमोरच, स्पीकर लावून, त्या जुन्या नंबरवर फोन करून पाहिला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी देतात. फोन वाजला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, मागे शिलाई मशीन चालू होतं.

"कोण बोलायलंय?"

मी शक्य तितक्या सभ्यपणे सगळं सांगितलं, की हा नंबर आधी माझ्या आईचा होता, त्यावर आता एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखवाल का.

मशीन थांबलं. "हे बघा ताई, असं रोज कुणी ना कुणी फोन करायलंय. ओटीपी कुणाला देत नसतेत, एवढं कळतं मला."

तिचं अगदी बरोबर होतं. चोरानेही हीच गोष्ट सांगितली असती, बहुधा माझ्याहून चांगली. मी माफी मागून फोन ठेवणार, तेवढ्यात आईने तो माझ्या हातातून घेतला.

"बाई, तुम्ही नका देऊ," ती म्हणाली. "बरोबर करून राह्यल्या तुम्ही. मी फक्त सांगतो, कायचे फोटो हायेत ते. मी नर्स होती. बाळंतपणं करत होती. त्या लेकरायचे फोटो हायेत. एका पोरीची माय गेली, तिले मायसंगचा फोटो पाहिजे. तुमाले पटलं तर पाहा, नाई तर काही नाई."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती बाई हळूच म्हणाली, "खरंच नर्स होतात का?"

"हो."

"मग एक विचारू का? माझ्या सुनेला आठवा लागलाय. पाय लई सुजलेत. घरात म्हणायलेत, आठव्यात सुजतेतच."

आई ताठ बसली. मी तिला कामावर फारसं पाहिलेलं नाही. पण त्या क्षणी ती आमच्या दिवाणावरून उठून उपकेंद्राच्या खोलीत गेली, असंच मला वाटलं.

"फक्त पाय, का तोंडावरबी सूज हाय? हाताच्या बांगड्या घट्ट होते काय?"

"तोंड फुगल्यावानी दिसायलंय."

"डोकं दुखते काय?"

"दोन दिवस झाले, दुखतंय म्हणती."

"डोळ्यापुढं अंधारी? बीपी कधी पाहिलं?"

बीपी महिन्याभरात पाहिलेलं नव्हतं. मी खुणेने आईला विचारत होते, कोड, कोड! तिने मला माशी हाकलावी तसं हाकललं.

"ऐका बाई. आता शिलाई राहू द्या. सुनेले घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. आजच. उद्या नाई, सासऱ्याले विचारून नाई. तिथी गेल्यावर पहिले सांगा, डोकं दुखते आन सूज हाय. बीपी पाहा म्हणा. समजलं काय? निघा आता."

फोन कटला.

"आई, कोड मागायचा राहिला ना!"

"तिले आता जाऊ दे," आई म्हणाली. "कोड काही बाळंत होऊन राह्यला नाई."

पुढचे चार दिवस तिने मला त्या नंबरवर फोन करू दिला नाही. "दवाखान्यात असतीन ते. आपल्या फोटोसाठी तिले त्रास देशीन काय?" पण स्वतः मात्र फोन हाताशी घेऊन फिरत होती, मागे शेडमध्ये बाबांना चहा द्यायला जातानासुद्धा.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. आईने स्पीकर लावला. ती शिवणकाम करणारी बाई रडत होती की हसत होती, पहिल्यांदा कळेना. सुनेचं बीपी खूप वाढलेलं निघालं. दवाखान्यात लगेच भरती करून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी आहे, लहानशी आहे, पेटीत ठेवलंय, पण रडती आणि दूध ओढती.

"डॉक्टर म्हणले, रात्र काढली असती तर दोघींचं काही खरं नव्हतं." मग तिने नाक ओढलं. "आता सांगा, तुमचा तो आकडा कवा येणार हाय?"

मी धावत जाऊन लॅपटॉप आणला. तिने एकेक अंक वाचला, मी टाकला, आणि खातं उघडलं. पहिल्यांदा मी तो नंबर बदलला, तिला तसं सांगितलंही, म्हणजे तिच्या डोक्याला पुन्हा ताप नको. ती म्हणाली, बरं झालं. थोड्या वेळाने तिने आईला एक फोटो पाठवला, काचेच्या पेटीतलं मुठीएवढं तोंड. आईने तो इतका मोठा करून पाहिला, की पडद्यावर फक्त भुवई उरली.

कुरखेड्याच्या त्या मुलीचा फोटो शोधायला वहीची मदत झाली. तारखेवर गेलो आणि सापडला. तिची आई थकून हसते आहे, केस कपाळाला चिकटलेत, आणि बाळाचा एक हात गुंडाळ्यातून बाहेर सुटून तिच्या हनुवटीला लागला आहे. फोटो मोठा करून घेतला. बाबांनी त्याला सागवानी फ्रेम केली, कोपरे तीनदा घासले. आई स्वतः एसटीने जाऊन देऊन आली. तिथे काय झालं ते तिने नीट कधी सांगितलं नाही. मुलीने फोटो पाहिला आणि मग आपली हनुवटी चाचपली, एवढंच म्हणाली.

परत आल्यावर आई मला म्हणाली, "आता हे सगळं घरी आण."

क्लाऊडवर माझं पोट आहे, म्हणून मी त्याची बाजू घेतली. घरचं यंत्र बिघडतं, वीज जाते, विजा पडतात. कंपनीकडे पहारेकरी आहेत, थंड खोल्या आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू म्हनते ते खरं असन. पण मी त्या बायायले विचारलं होतं, फोटो काढू काय. दुसऱ्याच्या घरी ठेवू काय, हे नाई विचारलं."

इतकी वर्षं या धंद्यात राहून हा प्रश्न मला कोणी असा विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

मी माझा जुना लॅपटॉप काढला. त्याचा पडदा फुटला होता, पण बाकी ठीक होता. त्यावर फोटो सांभाळणारं एक मुक्त सॉफ्टवेअर बसवलं. मुक्त म्हणजे कोणीही घ्यावं, आत कसं चाललंय ते उघडून पाहावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं. कुठकुठल्या देशांतले लोक आपली नोकरी सांभाळून ते लिहितात. एका संध्याकाळी माझं अडलं, तेव्हा मी त्यांच्या चर्चेच्या पानावर विचारलं आणि एका अनोळखी माणसाने माझ्यासोबत बसून, म्हणजे त्याच्या देशात बसून, तास दीड तास माझी चूक शोधून दिली. चूक एका पूर्णविरामाची होती.

बाबांनी यंत्रासाठी सागवानी पेटी केली, मागे बारीक जाळी लावली. "पाल शिरली तर तुमचं सगळं ज्ञान गेलं," असं म्हणाले. पाल नाही शिरली. मुंग्या शिरल्या. त्याआधी मे महिना शिरला. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात माणूस ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतो, यंत्राने काय करावं? दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यातली डिस्क, जिच्यावर सगळे फोटो होते ती, बिघडली. मी सकाळी उठून पाहिलं तर नुसती टिक टिक.

आईचा चेहरा पाहून मी घाईने म्हटलं, "गेलं नाही काही." दुसरी प्रत होती. दर महिन्याला मी एका छोट्या डिस्कवर सगळं उतरवून, त्याला पासवर्डचं कुलूप घालून, कुरखेड्याला आईच्या नोकरीतल्या मैत्रिणीकडे पाठवते. ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. ती डिस्क आणली, नवी बसवली, दोन दिवसांत सगळी बाळं परत आली. पण त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते पुण्यातल्या सगळ्या प्रशिक्षणांत शिकले नव्हते. प्रत आहे असं म्हणणं वेगळं आणि ती परत आणून पाहणं वेगळं. आता मी वर्षातून दोनदा, काही बिघडलेलं नसताना, मुद्दाम आणून पाहते.

आणि हेही लपवत नाही, की तिसरी प्रत मी पुन्हा क्लाऊडवरच ठेवली.

"म्हणजे पुन्हा तिथीच?" आईने विचारलं.

"तिथीच. पण या वेळी पेटी बंद करून. किल्ली आपल्याजवळ. त्यांना आत काय आहे ते दिसत नाही."

तिने विचार केला. "बँकेच्या लॉकरसारखं."

"हो."

"मग चालते."

घरी यंत्र ठेवणं म्हणजे स्वातंत्र्य, असं काही लोक लिहितात. मला ते गाय पाळण्यासारखं वाटतं. दूध घरचं, पण रोज तिच्याकडे पाहावं लागतं, गावाला जाताना कोणाला तरी सांगून जावं लागतं. ज्याच्या घरी पाहायला कोणी नाही, त्याने विकतचं दूध घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त भांडं कोणाचं आहे ते विचारून घ्यावं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अर्धवट होती. फुकट घेतलं आहे तर काहीतरी द्यावं, म्हणून उरलेली मराठी मी करायला घेतली आणि आईला सोबत बसवलं. पुसलेले फोटो जिथे जातात त्या जागेला कोणीतरी 'कचरा' लिहून ठेवलं होतं.

"लेकराच्या फोटोले कचरा म्हनते काय?" आई चिडली. तिने सुचवलं, 'काढलेले' लिही. मी लिहून पाठवलं. आठवड्याने कोल्हापूरच्या एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं: ताई, 'काढलेले फोटो' म्हणजे कॅमेऱ्याने काढलेले फोटो, लोक गोंधळतील. मी आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "बरोबर हाय बाप्पा त्याचं. सारेच तर काढलेले हायेत." मग तिघांनी मिळून, म्हणजे आई, मी आणि तो कोल्हापूरकर, 'बाजूला ठेवलेले' हे नक्की केलं. आता जगात जो कोणी ते सॉफ्टवेअर मराठीत वापरेल, त्याला आईचा हा शब्द दिसेल. तिला याचं फार कौतुक आहे. बाबांना सांगते, "माहं लिवलेलं अमेरिकेत चालते."

परवा मी त्यात चेहरे ओळखण्याची सोय सुरू केली. ते काम आपल्याच पेटीत होतं, बाहेर काही जात नाही, हे आधी तपासलं. यंत्र रात्रभर चाललं, आणि सकाळी एकसारख्या चेहऱ्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले दिसले. आयांचे चेहरे त्याने बरोबर वेगळे केले होते. बाळं मात्र बहुतेक सगळी एकाच गठ्ठ्यात टाकली होती, मिटलेले डोळे, चेपलेली नाकं, आणि खाली विचारलं होतं: या व्यक्तीचं नाव काय?

मी म्हटलं, "चुकलं गं. दुरुस्त करावं लागेल. एकेक वेगळं करू."

आई चष्मा लावून पाहत राहिली. वरून खाली, बोटाने सरकवत, बराच वेळ.

"काऊन? बरोबर तर हाय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सारे असेच असते."

आणि त्या रिकाम्या चौकटीत तिने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, 'बाळ' असं लिहिलं.